महाराष्ट्र सरकारच्या शब्दावरचा आणि हिशेबावरचा लोकांचा विश्वास खरंच उडालाय, की हा विरोधकांचा प्रचार आहे?

विरोधकांना एवढा प्रचार जमत असता तर २०२४ च्या विधानसभेला त्यांचं पानिपत झालं नसतं. तो मुद्दा सोडा.

मी खटाव तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, सचिव आहे. गावाचं नाव सांगत नाही, नोकरी टिकवायचीय. सरकारच्या शब्दाला बाजारात काय भाव आहे ते मला दर मार्चला वसुलीच्या रजिस्टरात दिसतं.

२०२४ च्या जाहीरनाम्यात महायुतीनं कर्जमाफीचा शब्द दिला होता, लाडक्या बहिणीच्या पंधराशेचे एकवीसशे करू म्हटलं होतं. नोव्हेंबरात निकाल लागला आणि आमच्याकडे एकच पालुपद सुरू झालं, "माफी येणाराय, कुणी भरू नका." मार्चमध्ये एका आबांच्या ओट्यावर बसलो होतो. आलं विकल्याची पट्टी नुकतीच हातात पडलेली, म्हणजे पैसे घरात होते. म्हटलं, आबा, दीड लाखाचं पीककर्ज आहे, ३१ मार्चच्या आत भरा, व्याज शून्य, एप्रिलात परत उचला. आबा म्हणाले, "ह्या सरकारचं काय खरं न्हाई. लबाड हायत सगळी." मी म्हटलं, मग भरून टाका की. तर म्हणाले, "भरू कशाला? माफी देतो म्हणलंय न्हवं सरकारनं!"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यात आहे. लोक सरकारला लबाड म्हणतात आणि त्याच लबाडाच्या भरवशावर थकबाकीत जातात. हा विश्वास उडालेला नाही, ह्याला सट्टा म्हणतात.

२८ मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार बारामतीत बोलले की राज्याची परिस्थिती माफी देण्याची नाही, ३१ तारखेच्या आत कर्ज भरा. खरं बोलले, पण केव्हा? तीन दिवस उरलेले, मध्ये पाडवा आणि ईद. ज्यांनी आल्याचे, उसाचे पैसे लग्नात आणि बोअरमध्ये घातले होते ते सावकाराकडे पळाले. शेकडा पाचनं पैसे उचलून सोसायटीत भरले, नवं-जुनं करून, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं कर्ज उचलून, ते पुन्हा सावकाराला दिले. आबा पळाले नाहीत. ते थकबाकीदार झाले, शून्य टक्क्याची सवलत गेली, खरिपाला नवं कर्ज बंद, आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर. ह्या माणसाला तुम्ही राजकोषीय तुटीचा तक्ता दाखवणार का?

तक्ताही काही फार देखणा नाही म्हणा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार होतं. लाडक्या बहिणीसाठी आदल्या वर्षी ४६ हजार कोटी सांगितले होते, ते ३६ हजार कोटींवर आले, एकवीसशेचा पत्ता नव्हता. सामाजिक न्याय खात्याचा निधी तिकडे वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्रीच जाहीर तक्रार करत होते. आनंदाचा शिधा थांबला. ठेकेदार बिलांसाठी उपोषणाला बसतात. निवडणुकीआधी अर्ज सरसकट मंजूर करायचे आणि निवडणूक झाली की पडताळणी लावायची, ही कसली आर्थिक शिस्त?

आता माझं खरं दुखणं सांगतो. माझे वडील, अण्णा, आयुष्यात एकदाही थकबाकीत गेले नाहीत. बैल विकून हप्ता भरलेला मी पाहिलाय. आमचे दाजी उलटे. २००८ च्या केंद्राच्या माफीत बसले, २०१७ ला दीड लाखाच्या माफीत बसले, २०१९ ला दोन लाखांच्या माफीतही बसले. अण्णांना २००८ ला शून्य. २०१७ ला नियमित भरणाऱ्यांना भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, तेही २५ हजारांच्या आत. २०१९ ला ५० हजार कबूल झाले, ते यायला २०२२ उजाडलं, तोवर सरकारही बदललं होतं. दाजी दिवाळीला जेवायला बसले की विचारतात, "अण्णा, तुमच्या प्रामाणिकपणाला पेन्शन सुरू झाली का?" अण्णा काही बोलत नाहीत, भाकरी मोडतात.

२०१७ चं तर विचारूच नका. ३४ हजार कोटींची घोषणा, आणि आम्ही सचिव रात्री बारा-बारापर्यंत कर्जदारांच्या माहितीचे ६६ रकाने भरतोय. म्हातारा-म्हातारी दोघांना अंगठा द्यायला केंद्रावर न्यायचं, सर्व्हर बंद, परत आणायचं. म्हाताऱ्यांची बोटं घासलेली, अंगठा उमटायचा नाही, मग बोट ओलं करून पुन्हा. यादी आली तर वारलेला माणूस पात्र आणि रांगेत उभा राहिलेला गायब. शिव्या कुणाला? सचिवाला. वाटप शेवटी घोषणेच्या बरंच खाली राहिलं.

हे फक्त आत्ताच्या सत्ताधाऱ्यांचं पाप नाही, हे लिहायला हवं. २००८ ची माफी काँग्रेस आघाडीची, त्यात सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनंच घोळ काढले. २०२४ ला महाविकास आघाडी तर बहिणींना तीन हजार देणार होती. ते कुठून आणणार होते देव जाणे. शिवाय २०२५-२६ च्या अंदाजात सरकारचं कर्ज सगळ्या राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत होतं, मर्यादा २५ ची, म्हणजे दिवाळं निघालंय असं म्हणणंही खोटं. दुष्काळात खरोखर बुडालेल्याला माफी मिळायलाच हवी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं दाजींबद्दल आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला कर्जमाफीसाठी आंदोलन झालं, त्यानंतर मुख्यमंत्र्यांनी माफीचा निर्णय ३० जून २०२६ च्या आत घेऊ असं सांगितलं. म्हणजे तारीख बरोबर ३१ मार्चच्या पुढची. २०२६ च्या मार्चला आमच्या रजिस्टराची काय अवस्था होणार ते तेव्हाच दिसत होतं.

तुम्ही शेतकरी असाल तर मार्चच्या आत भरा, नवं-जुनं करा, बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला हातात ठेवा. नियमितवाल्यांना काही आलं तर ते वरकड समजा. दाजी हे वाचणारच, त्यांना व्हॉट्सॲपवर सगळं पोचतं. दाजी, तुमच्या सोसायटीचा सचिव माझ्याबरोबरच लागलाय. चालू थकबाकीला व्याज किती चढलंय ते मला माहीत आहे, ताईला अजून माहीत नाही.