पॅरिशचा क्लब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आयर्लंडच्या ग्रामीण भागात गेलिक फुटबॉलचा क्लब पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्त्यांचा असतो, असे वाचले. ही पद्धत कशी रुजली?

उत्तर: १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्लस येथे मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन यांच्या पुढाकाराने गेलिक फुटबॉलसारख्या पारंपरिक आयरिश खेळांची संघटना, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, स्थापन झाली, तेव्हा खेड्यांतील माणसे आधीच चर्चमुळे एकमेकांशी बांधलेली होती. त्यामुळे क्लबची हद्द म्हणून पॅरिशच स्वाभाविक ठरली. आर्चबिशप टॉमस क्रोक यांनी आश्रयदातेपद स्वीकारल्याने या चळवळीला नैतिक बळही लाभले.

आरंभीच्या संघात २१ खेळाडू असत. १८९२ मध्ये ते १७ आणि १९१३ मध्ये १५ झाले. जुन्या क्लबांच्या इतिहासातील छायाचित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

माझ्या मते या क्लबांचे खरे मोल हौशीपणात आहे. खेळाडूला मानधन नसते, आणि परगण्याच्या संघातून हजारोंच्या गर्दीपुढे खेळलेला तरुणही पुढे आपल्याच शेजाऱ्यांसोबत गावच्या मैदानावर उतरतो. म्हणूनच स्थलांतराचा घाव इथे फार खोल बसतो: तरुण डब्लिनला किंवा परदेशी गेले की पंधरा जण जमवणे कठीण होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध जिद्दीने लढलेल्या शेजारच्या पॅरिशना, विशेषतः मुलांच्या गटांत, संयुक्त संघ उभारावा लागतो.