सोडलेल्या कंपनीचा हिशेब

या महिन्यातल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जुन्या नोकरीविषयी आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: कारभार भोंगळ होता, आम्ही सहन केले, शेवटी सोडले, पण हिशेब अजून अडकलेला आहे. त्यातले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : भोसरीच्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये सहा वर्षे होतो. जुलै २०२४ अखेर सोडले. शेवटच्या चौदा महिन्यांच्या पगार स्लिपवर पीएफचे १,८०० रुपये कापलेले आहेत, पण पासबुकात त्या काळाची एकही नोंद नाही. विचारले की मालक 'भरतो, थांबा' म्हणतात. आता युनिट बंद आहे आणि त्याच शेडमध्ये त्यांच्या भावाच्या नावाने दुसरे युनिट चालते. पैसे बुडाले का?

बुडालेले नाहीत. पण थांबूही नका.

कारभार ढासळू लागला की सगळ्यात आधी पीएफ थांबतो, कारण तो हातात पडत नाही. पगार आठ दिवस उशिरा झाला तर दुसऱ्याच दिवशी गेटवर चर्चा सुरू होते. पीएफ वर्षभर भरला नाही तरी कुणी पासबुक उघडत नाही. म्हणून मालकाला तो बिनव्याजी उसना पैसा वाटतो. तुमच्या पगारातून कापलेली रक्कम वापरणे हा मात्र गुन्हा आहे. कापून न भरलेली रक्कम कायद्याने फौजदारीपात्र विश्वासघात ठरते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कपातीला भारतीय दंड संहिता लागू होते, नंतरच्या कपातीला भारतीय न्याय संहिता.

आधी रक्कम नीट काढा. तुमचे १,८०० म्हणजे १५,००० रुपयांचे १२ टक्के. मालकाचा वाटाही तेवढाच असतो, पण तो दोन ठिकाणी जातो: १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे चौदा महिन्यांचे तुमचे २५,२००, मालकाचे पीएफमधले ७,७०० आणि पेन्शनचे १७,५००. एकूण थकबाकी ५०,४०० रुपये. बरेच जण फक्त स्वतःच्या कपातीची तक्रार करतात आणि उरलेली निम्मी रक्कम मागायचीच राहते.

आता पुरावा. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे कंपनीचे नाव किंवा कोड टाकून पेमेंटचा तपशील उघडा. कोणत्या महिन्याच्या पगारावर, कोणत्या तारखेला, किती रक्कम आणि किती कामगारांसाठी भरली गेली, हे दिसते. हे पान फार बोलके असते. चौदा महिने काहीच भरलेले नसेल तर ते तिथेच सिद्ध होते. रक्कम भरलेली आहे पण कामगारांची संख्या ४० वरून ११ वर आलेली दिसली, तर काही जणांची नावेच गाळली आहेत असे समजा. त्या वेळी तक्रारीचे स्वरूप बदलते. या पानाची प्रत, चौदा पगार स्लिपा, बँकेत पगार जमा झाल्याचे उतारे आणि नेमणूकपत्र असा संच तयार ठेवा. एका कागदावर महिनावार तक्ता करा: महिना, स्लिपवरची कपात, पासबुकातली जमा.

हा संच जोडून ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तीच लेखी स्वरूपात प्रादेशिक पीएफ कार्यालयात देऊन पोच घ्या. अर्जात 'पीएफ कायद्याच्या कलम ७ए खाली चौकशी करावी' असे स्पष्ट लिहा. नुसते 'पीएफ मिळाला नाही' लिहिले की तक्रार मालकाकडे उत्तरासाठी जाते, मालक 'लवकरच भरतो' असे कळवतो आणि तक्रार निकाली निघते. ७ए च्या चौकशीत अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. रक्कम ठरली की बँक खाते गोठवण्यापर्यंत वसुली जाते. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' हा कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत होतो, तिथे अधिकाऱ्यांसमोर कागद ठेवता येतात.

भावाच्या युनिटचा उल्लेख तक्रारीत जरूर करा. त्याच कायद्याच्या कलम १७बी प्रमाणे आस्थापना विक्री, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने हस्तांतरित झाली, तर आधीच्या थकबाकीला जुना आणि नवा दोघेही जबाबदार असतात. नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती असते. त्यासाठी यंत्रे तीच, शेड तेच, गिऱ्हाईक तेच असे दाखवणारे काही हवे. जुन्या आणि नव्या बिलांवरचा पत्ता, फाटकावरच्या पाटीचा तारखेसह फोटो, तिथेच राहिलेल्या सहकाऱ्यांची लेखी निवेदने चालतात.

एक चूक हमखास होते. घाईने ईपीएफओच्या पोर्टलवर जाऊन नोकरी सोडल्याची तारीख स्वतःच टाकू नका. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती सोय खुली होते, पण तारीख शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच घेतली जाते. तुमच्या बाबतीत ती मे २०२३ ठरेल. पुढचे चौदा महिने तुमच्या सेवेतून गळतील आणि ते पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या हिशेबातही येणार नाहीत. नंतर ती दुरुस्त करायला संयुक्त घोषणापत्राची (मालक आणि कामगार दोघांनी मिळून करायच्या अर्जाची) वाट धरावी लागते. म्हणून आधी तक्रार, मग तारीख. आणि उशीर नको: नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशी चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा आहे.

प्रश्न : इचलकरंजीच्या एका प्रोसेसिंग युनिटमध्ये ८ वर्षे ७ महिने काम केले. दरवर्षी मार्चअखेर दोन दिवसांचा 'ब्रेक' देत आणि पुन्हा घेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राजीनामा दिला. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,२०० होता. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) मागितली. कंपनी म्हणते, त्यासाठी लागणारी सलग पाच वर्षे होत नाहीत, फार तर ५०,००० देऊ.

५०,००० घेऊन सही करू नका. तुमची ग्रॅच्युइटी ९४,५०० रुपये होते.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. तुम्ही त्याआधी सोडले, म्हणून तुमचा हक्क १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यावरून ठरतो. त्यात कामगाराचा दोष नसताना काम थांबले तरी सेवा अखंड धरली जाते. मार्चअखेरचे दोन दिवस मालकाने दिलेले आहेत, तुम्ही घेतलेले नाहीत. शिवाय वर्षात २४० दिवस काम झाले की ते वर्ष पूर्ण धरतात (आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या ठिकाणी १९० दिवस), आणि या दिवसांत पगारी सुट्ट्याही मोजल्या जातात. ब्रेक कागदोपत्रीच होता हे पीएफ पासबुक आणि ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) नोंदींवरून दिसेल. मार्च आणि एप्रिल दोन्ही महिन्यांचा भरणा एकाच पीएफ सदस्य क्रमांकावर असेल तर कंपनीचा दावा तिथेच कोसळतो. दरवर्षी नवा क्रमांक दिला असेल तर यूएएनखालचे (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफच्या मुख्य क्रमांकाखालचे) सगळे क्रमांक एकत्र मांडा.

आकडा असा काढतात: १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ म्हणजे १०,५००. सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ८ वर्षे ७ महिने म्हणजे ९ वर्षे. १०,५०० गुणिले ९ म्हणजे ९४,५००. मालकांचे हिशेबनीस इथे दोन चलाख्या करतात: २६ ऐवजी ३० ने भागतात आणि वरचे महिने सोडून देतात. दोन्ही केल्या की रक्कम ७२,८०० वर येते, म्हणजे २१,७०० रुपये कमी. पत्रात आकडेमोड लिहूनच द्या.

कंपनीकडे 'फॉर्म आय' मध्ये अर्ज स्पीड पोस्टाने पोचसह पाठवा. अर्ज आला नाही तरी ग्रॅच्युइटी ठरवून देणे मालकाचेच काम आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर 'फॉर्म एन' मध्ये नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) दाद मागा. या अर्जाला ९० दिवसांची मुदत आहे, पण योग्य कारण दिले तर उशीर माफ होतो. 'कंपनी तोंडी आश्वासने देत राहिली' हे कारण असेल तर तारखा आणि संदेश जोडा. देय झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम दिली नाही तर सरळव्याज १० टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षाला ९,४५० रुपये. तेही मागा.

तडजोडीचा चेक घ्यावाच लागला तर पावतीवर 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असे लिहा. राजीनामा दिलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी 'नुकसान केले' म्हणून जप्त करता येत नाही. तो अधिकार गैरकृत्यावरून कामावरून काढलेल्या माणसापुरताच आहे.

प्रश्न : जुन्या कंपनीने अनुभवपत्र अडवून ठेवले आहे. शिवाय पगारातून टीडीएस कापला, पण फॉर्म १६ (टीडीएसचा, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला) दिला नाही. (नाशिक)

अनुभवपत्रासाठी एचआरच्या मागे लागून महिने घालवू नका. नेमणूकपत्र, पहिली आणि शेवटची पगार स्लिप, बँकेचे उतारे आणि यूएएनवरचा सेवा इतिहास एकत्र दिला तर बहुतेक नव्या कंपन्यांना पुरते. लेखी मागणी मात्र एकदा मेलवर करून ठेवा.

टीडीएससाठी आयकर पोर्टलवर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) पाहा. कपात तिथे दिसत असेल तर फॉर्म १६ शिवायही विवरणपत्र भरता येते. स्लिपवर कपात आहे आणि २६एएस मध्ये नाही, तर मालकाने कर भरलेला नाही. अशा वेळी विभागाकडून मागणी आली तरी घाबरून पुन्हा कर भरू नका. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे, कापून घेतलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. उत्तरासोबत स्लिपा आणि निव्वळ पगार जमा झालेले बँक उतारे जोडा.

प्रश्न : पुन्हा तशाच ठिकाणी अडकायचे नाही. नवी ऑफर हातात आहे, आधी काय तपासावे?

वर सांगितलेले ईपीएफओचे पेमेंटचे पान नव्या कंपनीसाठी उघडा आणि मागच्या बारा महिन्यांच्या तारखा पाहा. पगाराच्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. एखादा महिना चुकला तर हरकत नाही. पण तारखा १५ वरून २८ वर, तिथून दोन-दोन महिन्यांवर सरकत गेल्या असतील, तर त्या कंपनीत पैशाची ओढाताण आहे आणि उद्या ती तुमच्या पगारापर्यंत येईल. मुलाखतीतल्या कोणत्याही गोड बोलण्यापेक्षा या तारखांवर भरवसा ठेवा. कामगारांची संख्या दर महिन्याला मोठ्या फरकाने वरखाली होत असेल तर माणसे टिकत नाहीत, किंवा ठेकेदाराच्या नावावर ढकलली जातात.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. दोन वर्षे दाखल झालेला नसेल तर आधी कारण विचारा. नेमणूकपत्रात मूळ पगार, महागाई भत्ता, नोटीस काळ आणि पीएफ किती रकमेवर कापणार हे आकड्यांत लिहून घ्या. 'कंपनीच्या नियमांप्रमाणे' एवढेच लिहिलेले असेल तर ते नियम छापील स्वरूपात मागा. रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात पासबुक उघडून पहिला भरणा आला का ते बघा. आला नसेल तर त्याच आठवड्यात लेखी विचारा.