एचएलए-बी२७ आहे, म्हणजे आजार आहे का?

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. ऐन पावसाळ्यात त्याला तापासह जुलाब झाले. ते थांबल्यावर तीन आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला, डोळे लाल झाले. रक्ततपासणीत एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आले. दोष आमच्या घराण्याचा की जंतूंचा? धाकट्या मुलीचीही चाचणी करावी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा संसर्गानंतरचा संधिदाह असण्याची शक्यता दिसते. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जंतूंनी पोट बिघडल्यावर एक ते चार आठवड्यांत तो उद्भवतो. जुलाब जंतूंमुळे झाले. सांधा सुजला तो शरीराच्या प्रतिकारामुळे, आणि त्या प्रतिकाराला बी२७ ने वेगळे वळण दिले असावे.

बी२७ हे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन आहे. त्याच्या खाचेत सुमारे नऊ अमिनो आम्लांचा तुकडा बसतो आणि तो आपला की परका, हे टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) पारखतात. जंतूंचे काही तुकडे आपल्याच शरीरातील तुकड्यांशी इतके मिळतेजुळते असतात की ही पारख चुकू शकते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे मणका आखडवणाऱ्या संधिवाताच्या, रुग्णांत दोन्ही तुकड्यांना प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी सापडल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. या आजाराचे बी२७ शी असलेले नाते १९७३ पासून ठाऊक आहे. तरीही बी२७ असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना तो आयुष्यभर होत नाही, म्हणून ‘घराण्याचा दोष’ हा शब्द आपण मनातून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलीला त्रास नसेल तर चाचणी करू नये. पालकांपैकी एकाकडून बी२७ प्रथिनाचा जनुक तिच्याकडे येण्याची शक्यता साधारण निम्मी आहे, पण तो आढळला तरी आज त्यावर करण्यासारखे काही नाही; लग्नाच्या वयात उगाच एक शिक्का मात्र बसेल. सकाळी चपला घालायला वाकता येत नाही, पण स्टेशनपर्यंत चालत गेल्यावर पाठ मोकळी होते, असे तीन महिने चालले तर मात्र संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

मुलाचा गुडघा बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होईल. सांध्यात सहसा जिवंत जंतू नसतात, त्यामुळे जुलाबानंतरच्या या सुजेवर प्रतिजैविकांचा फारसा उपयोग होत नाही. डोळ्यांची तपासणी लवकर करून घ्यावी, आणि लाली वेदनेसह असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर औषधांच्या दुकानातून थेंब न आणता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.