न्यूयॉर्कमध्ये नमाजाला ईशान्येकडे तोंड का? मक्का तर आग्नेयेला ना?

सपाट नकाशा फसवतो. पृथ्वीगोलावर न्यूयॉर्क ते मक्का दोरा ताणा: सर्वांत जवळची वाट खऱ्या उत्तरेपासून सुमारे ५८ अंशांवर, ईशान्येला निघते. बहुतेक मशिदी हाच किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, धरतात. आग्नेय मानणारे थोडे आहेत, पण त्यांचं गणित मला पटत नाही.

खरा घोळ होकायंत्राचा. तिथे सुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला साधारण १३ अंश कलते, म्हणून आकडा ७१च्या आसपास दिसायला हवा. मोबाइल लोखंडी पलंगावर किंवा स्पीकरजवळ ठेवलात तर तोही चुकतो.

लंडनमध्ये सोपं आहे. २८ मेच्या सुमारास सकाळी १०:१८ वाजता सूर्य मक्केतल्या काबाच्या (ज्या वास्तूकडे तोंड करून नमाज पढतात तिच्या) बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा सूर्याची दिशा हाच किब्ला. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी सूर्य उगवलेलाच नसतो.