मोरपीस कुटलं, निळा रंग गेला कुठे?

प्रश्न : नातीला चित्रासाठी मोरपंखी रंग हवा होता. तिने मोरपीस बारीक कापून खलबत्त्यात कुटलं. निळी-हिरवी पूड निघेल असं वाटलं, निघाली काळपट तपकिरी! कुटण्यात काही चुकलं का?
– एक आजी, सांगली

उत्तर : काहीही चुकलं नाही, आजी. उलट नातीने फार नेमका प्रयोग केला. खलात उरलं ते मेलॅनिन, म्हणजे आपले केस ज्याने काळे होतात तेच रंगद्रव्य. निळं द्रव्य त्या पिसात कधी नव्हतंच.

पिसाच्या दांड्याला तंतू असतात आणि तंतूंना आणखी बारीक फाटे. या फाट्यांच्या पृष्ठभागाखाली मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. अधेमधे केराटिन (आपली नखं ज्याची असतात ते प्रथिन) आणि हवा. उजेडातला कुठला रंग या जाळीवरून जोरात परततो, ते कांड्यांमधल्या अंतरावर ठरतं. निळ्या भागात ते साधारण १४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. एवढ्याशा फरकावर मोराचा सगळा थाट! बत्त्याने जाळी मोडली, मेलॅनिन तेवढं राहिलं. मोरपीस पाण्याने भिजलं की रंग मावळतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ सालीच लिहून ठेवलंय. तेही घरी करून बघा. यात पीस वाया जात नाही, वाळलं की रंग परत येतो.

पांढऱ्या मोराचं कोडंही इथेच सुटतं. त्याच्या पिसांत मेलॅनिन नाही, मग कांड्यांची जाळी कुठली आणि निळाई कुठली!

पोपटाचा हिरवा मात्र भेसळीचा. पिसाच्या रचनेतून येणारा निळा आणि पोपटाच्या शरीरात तयार होणारं पिवळं द्रव्य, दोन्ही मिळून हिरवा. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून खपवतात त्या बजरीगार नावाच्या छोट्या पोपटांपैकी काही निळे दिसतात, कारण त्यांच्यात हे पिवळं द्रव्य बनत नाही.

खाण्यातून रंग मिळवणारा पक्षी म्हणजे भिगवणला, ठाण्याच्या खाडीत येणारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. त्याची पिल्लं करडी असतात. शेवाळ आणि बारीक जलचरांतली कॅरोटिनॉइड (गाजराला रंग देणाऱ्या जातीची) द्रव्यं पोटात जाऊन पिसांत उतरतात, तेव्हा गुलाबी छटा चढते. प्राणिसंग्रहालयात हे खाणं मिळालं नाही, तर नवी पिसं फिकट येतात, म्हणून तिथे त्याच्या खाद्यात ही द्रव्यं मुद्दाम मिसळतात.