मालदीव परवडेल, पण खोलीआधी पाणी बघा

प्रश्न: लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून आम्ही दोघं मालदीवला जायचं म्हणतोय. एक साधं रिसॉर्ट रात्रीला १५० डॉलरला दिसतंय. घ्यावं का? मला चांगलं पोहता येतं, रोज स्नॉर्केलिंग करायचं आहे. (नाशिक)

उत्तर: १५० डॉलरपुढे अधिकची दोन चिन्हं (++) दिसतात का, ते आधी बघा. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. १० टक्के सेवाशुल्क धरलं की १६५ होतात, त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी लागून १९३. रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर असतो, म्हणजे दोघांचे २४. एकूण २१७ डॉलर, आणि यात बेटापर्यंतचा प्रवास नाही. तो सीप्लेनचा असेल तर जाऊनयेऊन माणशी तीन-चारशे डॉलर सहज जातात. शिवाय सीप्लेन फक्त उजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल, तर राजधानी मालेजवळ एक रात्र पदरमोड करून काढावी लागेल.

त्याऐवजी वस्तीच्या बेटावरचं गेस्टहाऊस घ्या. ६० डॉलरची खोली त्याच हिशेबाने ७७ ला पडते. ५० किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला हरित कर माणशी ६ डॉलर, म्हणून दोघांचे मिळून ८९. मालेहून स्पीडबोट असतेच. सरकारी फेरी तिच्याहून फार स्वस्त, पण शुक्रवारी ती बंद असते. त्यामुळे परतीचा दिवस शुक्रवार नको.

आता मुख्य गोष्ट. ज्याला रोज स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क-नळी लावून वरून तरंगत पाण्याखालचं बघणं, करायचं आहे त्याने खोलीचे फोटो नंतर बघावेत. आधी बेटाचा उपग्रह नकाशा मोठा करून बघावा. किनाऱ्यालगत फिकट निळं दिसतं ते लगून: खाली वाळू, मासे थोडे. पुढे तपकिरी पट्टा दिसतो तो प्रवाळाचा सपाट माथा. आणि जिथे रंग एकदम गडद निळा होतो तिथे प्रवाळभिंत खाली उतरते. बहुतेक मासे, कासवं, लहान शार्क याच कडेला असतात. नकाशाच्या मोजपट्टीने वाळूपासून या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ५० ते १०० मीटर असेल तर तुम्ही सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पायांनी जाल. ४०० मीटर असेल तर रोज होडीचे पैसे मोजाल, आणि स्वस्त खोली महाग पडेल.

उकुलहस आणि रसधू या बेटांवर हे अंतर बरंच सोयीचं आहे. माफुशी सर्वांत स्वस्त आणि मालेला जवळ, पण तिथली खरी मजा होडीने बाहेर गेल्यावर. धिगुराहला लोक व्हेल शार्कसाठी जातात. दक्षिण आरी अटॉलच्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) त्या पट्ट्यात ते वर्षभर असतात. मात्र अंगापासून ३ आणि शेपटीपासून ४ मीटर दूर राहण्याचा नियम आहे, तो पाळणारीच होडी निवडा.

गेस्टहाऊसला तीन प्रश्न लिहून पाठवा. कडेपर्यंत जायची वाट कुठून आहे? बिकिनी बीच (पोहण्याच्या कपड्यांना मुभा असलेला किनारा) आणि प्रवाळ एकाच बाजूला आहेत का? मास्क-फिन्सचं (पायातल्या वल्ह्यांचं) रोजचं भाडं किती? पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ओहोटीला प्रवाळाच्या माथ्यावर गुडघाभरही पाणी उरत नाही, आणि ठरलेली वाट सोडून परतताना गुडघे सोलतात आणि प्रवाळही तुटतं. म्हणून भरतीच्या आसपास उतरा. कडेशी पोचल्यावर दोन मिनिटं न हलता तरंगा. ज्या बाजूला वाहत जाल, ती प्रवाहाची दिशा. पोहायला सुरुवात उलट्या दिशेने करा, म्हणजे दमल्यावर प्रवाहच परत आणतो. दोन बेटांमधल्या खोल खाडीजवळ एकट्याने कधीच जाऊ नका.

प्रश्न: सुटी दिवाळीतच मिळते. हवामान बिघडेल का? (ठाणे)

उत्तर: स्वच्छ पाणी आणि कोरडी हवा जानेवारी ते मार्चमध्ये, पण भाडीही तेव्हाच चढलेली. मे ते नोव्हेंबर नैऋत्य मोसमी वारे असतात, सरी येतात, समुद्र खवळतो. पण याच काळात प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो आणि अटॉलच्या पूर्व बाजूला सूक्ष्म जीव साठतात. ते खायला मांटा, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, येतात. बा अटॉलमधली हनिफारू खाडी जून ते नोव्हेंबर यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे टाकी लावून डायव्हिंगला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, तेही वाटाड्यासोबत. जवळच्या धारावंधू बेटावर गेस्टहाऊसं आहेत. दिवाळी लवकर असेल तर धारावंधूच घ्या.

प्रश्न: मला उणे चारचा चष्मा आहे. भाड्याचा मास्क चालेल? (कोल्हापूर)

उत्तर: भाड्याच्या सामानावर विसंबू नका, नंबरच्या काचांचा स्वतःचा मास्क न्या. निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढा. हात काढल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी दाट असेल तर नाकाखालून पाणी शिरतं. तेवढी ओळ कातरली तरी फरक पडतो. नव्या काचेवर सिलिकॉनचा थर असतो, म्हणून ती धुकटते. आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टने घासून दोन-तीनदा धुवा. तोंड-नाक झाकणारे पूर्ण मास्क घेऊ नका. त्यात बहुधा नाक चिमटता येत नाही, त्यामुळे थोडंही खाली गेलात तर कान मोकळे करता येत नाहीत.

प्रश्न: डायव्हिंग शिकायचंच आहे. मालदीवपेक्षा अंदमान स्वस्त नाही का? (पुणे)

उत्तर: शिकायला अंदमान बरं. पासपोर्ट लागत नाही, आणि स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, शिकवणाऱ्या संस्था एकमेकींना लागून आहेत. पण तिथल्या गोविंदनगर-विजयनगरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप लांब जातं, त्यामुळे खोलीतून उठून स्नॉर्केलिंगला जाता येत नाही. चांगल्या जागा होडीनेच. डिक्सन्स पिनॅकलसारखी खोल ठिकाणं पहिल्या कोर्सच्या मर्यादेपलीकडची आहेत, कारण ओपन वॉटर नावाच्या त्या कोर्सवर १८ मीटरपर्यंतच जाता येतं.

पैसे वाचवायचे असतील तर कोर्सचा अभ्यास आणि तलावातले धडे पुण्या-मुंबईत उरका, संस्थेकडून रेफरलचं (उरलेला कोर्स दुसरीकडे पूर्ण करण्याचं) पत्र घ्या आणि समुद्रातल्या चार डुबक्या वर्षाच्या आत बेटावर करा. सुटीचे दोन दिवस वाचतात. कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, वेगाची अट नाही. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घरूनच न्या. बेटावर ते मिळवताना डुबकीचा दिवस जातो.

प्रश्न: परतीच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह करता येईल का? (बेळगाव)

उत्तर: नाही. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो आणि विमानातल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्यावेत. विमान सकाळी १० चं असेल तर आदल्या दुपारी ४ च्या आत पाण्याबाहेर या. सीप्लेनही यात धरायचं. स्नॉर्केलिंगला ही अट नाही, म्हणून बोट सुटेपर्यंतची शेवटची सकाळ हाऊस रीफवर, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळावर, घालवा.