पसरणी घाट, बंद इंजिन आणि लेकीची ऑटोमॅटिक

प्रश्न : माझं वय 67. पंचवीस वर्षं पद्मिनी चालवली. पाचगणीहून वाईला येताना घाट लागला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडायची, ही तेव्हापासूनची सवय. आता लेकीने पेट्रोलवरची ऑटोमॅटिक घेतली आहे. तीही दोनदा तशीच उतरवली, तर लेक चिडली. गाडीला खरंच काही होतं का? – एक वाचक, वाई

उत्तर : काका, लेकीचं ऐका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑइल एक पंप फिरवतो आणि तो पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद. चाकं मात्र आतले गिअर फिरवतच राहतात, तेही कोरडे. माझ्या गॅरेजात एकदा अशी गाडी आली होती, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून लांबून टोचन करून आणलेली. चेंबर उघडलं तर ऑइल काळंकुट्ट, करपलेल्या वासाचं आणि चुंबकावर बोटभर लोखंडी चिखल. आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला.

गाडी एएमटी असेल, म्हणजे गिअरबॉक्स साधाच पण क्लच-गिअरचं काम यंत्र करत असेल, तर हा धोका कमी, कारण तिचे गिअर ऑइलात बुडूनच फिरतात. पण मला जास्त काळजी ब्रेकची वाटते, आणि ती दोन्हींत सारखीच आहे.

एक करून बघा. अंगणात, गाडी उभी, गिअर पार्किंगला, इंजिन बंद. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पॅडल दगडासारखं होईल. तसंच दाबून धरून स्टार्टर मारा, ते पायाखाली खाली जाईल. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला हवेची ओढ इंजिनाकडून मिळते. बंद इंजिनावर दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक राहते. पसरणीत दोन-तीन वळणांत ती संपते. स्टेअरिंगही जड होतं. चावी पूर्ण बंद असेल तर एअरबॅगचाही भरवसा नाही.

तुमची सवय त्या काळात चूक नव्हती, पेट्रोलच्या हिशेबाने. कार्ब्युरेटरची गाडी उतारावरही पेट्रोल ओढायची. आताची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर स्वतःच बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. उलट इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलंत, तर ते चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी तुम्ही चावी फिरवता, ती गाडी आधीच करते आहे.

घाट सुरू व्हायच्या आधीच गिअरचा दांडा त्यावरच्या एल, 2 किंवा एस या खालच्या गिअरच्या खुणेवर घ्या. मॅन्युअल मोड असेल तर दुसरा-तिसरा गिअर. इंजिनाचा आवाज चढेल, घाबरू नका, तेच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी ठाम दाबा आणि सोडा. चालत्या गाडीत चुकूनही पार्किंगला टाकू नका.

आणि दोनदा उतरवली आहेच, तर पुढच्या सर्व्हिसिंगला गिअरबॉक्सचं ऑइल तपासायला सांगा. ते काळं पडलेलं नसेल आणि करपलेला वास नसेल, तर चिंता नाही.